बोटभर अंतर

माती भुसभुशीत करणाऱ्या रोटाव्हेटरची उजवी पिन आणि ट्रॅक्टरच्या मागच्या हाताचं, म्हणजे अवजार धरणाऱ्या लोखंडी दांड्याचं, भोक यांच्यात बोटभर अंतर राहिलं होतं. ट्रॅक्टरचा डावा हात बसला होता, तो निसटू नये म्हणून लावायची लिंच पिनही लावून झाली होती. उजव्या हाताचं भोक पिनीच्या समोर होतं, पण एक बोट पुढे आणि अर्धं बोट खाली. ट्रॅक्टर पुढे घ्यावा तर डावी बाजू ओढली जायची, मागे घ्यावा तर रोटाव्हेटर भिंतीला घासायचा. मी पहार आणली, चौकटीखाली घातली आणि सगळं अंग टाकून दाबली. काही हललं नाही. ४०० किलोच्या आसपासचं लोखंड जमिनीत बसलेलं होतं, आणि माझं वजन त्याच्या पाव हिश्शालाही पुरत नव्हतं.

दारात आबा उभे होते. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना ट्रॅक्टरवर चढायची मनाई होती, खाली वाकताही येत नव्हतं. त्यामुळे त्या वर्षी अवजारं जोडायचं-सोडायचं काम माझ्याकडे आलं होतं. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "पोरी, हे आज अडलेलं नाही. मागच्या वेळी सोडलंस ना, तेव्हाच अडलंय."

मागच्या वेळी मीच सोडलं होतं हे खरं. अंधार पडत होता, आभाळ भरून आलं होतं, दिवसभराचा शीण होता. शेडमध्ये रिव्हर्स घेतला, लिव्हर खाली दाबली, रोटाव्हेटर टेकला, पिना उपसल्या आणि बाहेर पडले. एक बाजू विटेच्या तुकड्यावर टेकली होती आणि दुसरी मऊ मातीत, हे मी उतरून पाहिलंच नव्हतं. दोन महिन्यांत मऊ बाजू आणखी खचली. त्या संध्याकाळी वाचवलेली दोन मिनिटं मी आज दीड तास फेडत होते.

आबांचं ते वाक्य मला पुढे अनेकदा आठवलं. मी नोकरी करून शेतीत आलेली. अवजार चालवायला शिकले, त्याची पाती बदलायला शिकले, ग्रीस गन कुठल्या निपलला किती दाबायची तेही शिकले. पण ते ठेवायचं कसं, ही शिकायची गोष्ट आहे असं मला कधी वाटलंच नव्हतं. ठेवणं म्हणजे काम संपणं, असं मी धरून चालले होते.

मग मी विचार करू लागले की हे इतकं अवघड मुळात का आहे. घरातली कुठलीही जड वस्तू, कपाट असो की पिंप, दोघं मिळून सरकवतातच. अवजारच असं आडमुठं का?

याचं उत्तर जोडणीच्या इतिहासात आहे, आणि ते कळल्यावर माझा अवजारावरचा राग बराच निवळला. सुरुवातीच्या ट्रॅक्टरांमागे नांगर साखळीने किंवा हुकाने ओढला जायचा. त्या नांगराला स्वतःची लोखंडी चाकं असायची. काम झालं की हूक काढायचा आणि नांगर त्याच्या चाकांवर उभा. पण त्या जोडणीत एक जीवघेणी खोट होती. फाळ दगडात किंवा मुळात अडकला की नांगर थांबायचा, ट्रॅक्टरची मागची चाकं मात्र रेटतच राहायची, आणि ट्रॅक्टरचं तोंड वर उचललं जाऊन तो चालवणाऱ्याच्याच अंगावर उलटायचा. माणसं मेली आहेत त्यात. आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसन यांना १९१७ मध्ये तिथल्या कृषी मंडळाने ट्रॅक्टरची नांगरणी सुधारायच्या कामाला लावलं, आणि त्यांनी पुढची कित्येक वर्षं या एका प्रश्नाला वाहिली. खाली दोन हात, वर एक, आणि उचलायला हायड्रोलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारी उचल, अशी तीन टोकांची जोडणी त्यांनी बसवली. तिच्यामुळे अवजार ट्रॅक्टरच्या शरीराचाच भाग झालं. जमिनीचा ओढा वाढला की वरचा हात, म्हणजे टॉप लिंक, पुढे रेटला जातो, म्हणजे ट्रॅक्टरचं तोंड वर उचलण्याऐवजी खाली दाबलं जातं. १९३६ मध्ये ही जोडणी असलेला त्यांचा ट्रॅक्टर बाजारात आला. १९३८ मध्ये हेन्री फोर्ड यांच्याशी त्यांचा करार झाला तो नुसत्या हस्तांदोलनावर, आणि १९३९ मध्ये फोर्डच्या ट्रॅक्टरला हीच जोडणी लागली. आज जगात जवळजवळ कुठल्याही शेतात गेलं तरी ट्रॅक्टरच्या पाठीमागे हेच तीन हात दिसतात.

या जोडणीत अवजाराची चाकं गेली. त्यांची गरजच उरली नाही, कारण आता ट्रॅक्टरच त्याला उचलून नेणार. शेतात हे वरदान आहे, कोपऱ्यात वळताना एका बोटाने लिव्हर ओढली की नांगर हवेत. पण शेडमध्ये, ट्रॅक्टर निघून गेल्यावर, तेच अवजार पांगळं होऊन बसतं. ते चालू शकत नाही, वळू शकत नाही, बोटभर सरकूही शकत नाही. आपल्याला ते आडमुठं वाटतं, पण त्याचे पाय आपणच काढून घेतलेले आहेत.

हे एकदा मनात बसल्यावर मी शेडकडे वेगळ्या नजरेने पाहू लागले. आमच्याकडे तेव्हा रोटाव्हेटर, नऊ फणांचा कल्टिव्हेटर, दोन फाळांचा पलटी नांगर, पेरणी यंत्र आणि सरी रिजर अशी पाच अवजारं होती. प्रत्येकाचं जोडणीचं तोंड दाराकडे हवं. म्हणजे आत शिरताना ट्रॅक्टर नेहमी रिव्हर्सच घ्यायचा, सरळ शिरून सोडलेलं अवजार पुन्हा सरळ काढता येत नाही. शिवाय प्रत्येक अवजारासमोर ट्रॅक्टर उभा राहील एवढी मोकळी वाट लागते. पाच अवजारांना पाच वाटा सोडल्या की शेडची जवळजवळ अर्धी जागा नुसत्या हवेला जाते. आबा ही जागा वाचवण्यासाठी अवजारं एकामागे एक लावायचे आणि कुठलं कधी लागणार याचा हिशोब डोक्यात ठेवायचे. आधी लागणारं दाराशी, शेवटी लागणारं भिंतीशी. त्यांचा हिशोब सहसा चुकत नसे. पण पाऊस लांबला, पेरणी मोडली, मधेच पुन्हा फणपाळी घालायची वेळ आली, की मागचं अवजार काढण्यासाठी पुढची तीन बाहेर काढावी लागत. आणि तो हिशोब त्यांच्या डोक्यात होता, माझ्या नव्हता.

म्हणून मी ठरवलं की अवजारांना त्यांची चाकं परत द्यायची.

पहिला गाडा फसला. अँगलची चौकट वेल्ड करून घेतली आणि हाताशी होती ती ७५ मिलिमीटरची चार छोटी चाकं लावली. रोटाव्हेटर त्यावर उतरवला, ढकलला, दोन हात गेला आणि थांबला. खाली वाकून पाहिलं तर एका चाकापुढे शेंगदाण्याएवढा खडा. एवढासा खडा आणि एवढं लोखंड अडलेलं. मी त्या खड्याशी बराच वेळ झटले, आणि शेवटी घरात येऊन कागदावर आकृती काढली. चाक खड्यावर चढतं तेव्हा खडा त्या चाकाच्या अर्ध्या उंचीच्या किती जवळ येतो, यावर सगळं अवलंबून असतं. १० मिलिमीटरचा खडा ७५ मिलिमीटरच्या चाकाला चढायचा असेल, तर त्या चाकावर जेवढा भार आहे जवळपास तेवढाच जोर आडवा लावावा लागतो. एका चाकावर शंभरेक किलो भार, म्हणजे शंभरेक किलोचा रेटा. तोच खडा २०० मिलिमीटरच्या चाकाला निम्म्याच जोरात चढता येतो. बैलगाडीचं चाक एवढं मोठं का असायचं, ते मला त्या दिवशी पेन्सिलीच्या टोकाशी कळलं.

दुसऱ्या गाड्याला २०० मिलिमीटरची चाकं लावली. भाराचा हिशोबही नीट केला. रोटाव्हेटर आणि चौकट मिळून ४५० किलो धरले, तर भागायचं चारने नाही, तीनने. कारण कोबा कधीच आरशासारखा सपाट नसतो, आणि जरा उंचसखल जागा आली की चारातलं एक चाक अधांतरी राहतं. सगळा भार उरलेल्या तिघांवर. म्हणजे प्रत्येक चाक किमान १५० किलो पेलणारं हवं, त्याहून दणकट असेल तर उत्तम. पुढची दोन स्थिर ठेवली, मागची दोन फिरती. चारही फिरती लावली तर अगदी अरुंद जागेत आडवं सरकवता येतं हे खरं, पण मग गाडा सरळ चालत नाही, कुठेही भरकटतो, आणि ४५० किलो भरकटायला लागले की माणसाने मधे उभं राहू नये. फिरत्या दोन्ही चाकांना ब्रेक. चौकट चाकांच्या वर न ठेवता चाकांच्या मधे लटकवली, त्यामुळे अवजार जमिनीपासून चार बोटंच उंच राहतं. जेवढं उंच तेवढं कलंडायला सोपं, आणि रोटाव्हेटर बरा, पण पलटी नांगर तर मुळातच डोक्याने जड.

आमच्या शेडचा अर्धा भाग कोबा आणि आतला अर्धा माती. मातीवर गाडा निरुपयोगी आहे हे लवकरच कळलं. काही जण हँड पॅलेट, म्हणजे ओझ्याखाली दोन काटे घालून उचलणारा हातगाडा, वापरतात, तो २ टनांपर्यंतचं ओझं उचलतो आणि गुळगुळीत फरशीवर बोटाने चालतो, पण त्याच्या काट्यांखालची चाकं छोटी, कोब्याच्या सांध्यातसुद्धा अडखळतात. शेवटी आतल्या भागातही कोबा टाकून घेतला आणि दाराकडे किंचित उतार ठेवला, पाणी निघून जावं म्हणून. तो उतार डोळ्यांना दिसत नाही, गाड्याला मात्र बरोबर कळतो. त्यामुळे गाड्याच्या उताराकडच्या बाजूला उभं राहायचं नाही आणि गाडा सोडायचा तर ब्रेक लावून, चाकांखाली लाकडाची पाचर देऊनच, हे मी स्वतःला बजावून ठेवलं आहे.

मधे एका कारागिराने सुचवलं होतं की एवढा खटाटोप कशाला, छताच्या कैचीला चेन ब्लॉक, म्हणजे साखळीने वजन उचलायची कप्पी, टांगा आणि अवजार उचलून हवं तिथे ठेवा. मी नाही म्हटलं. छताच्या कैच्या पत्र्याचं वजन आणि वारा झेलण्यासाठी असतात. मधोमध एका बिंदूवर चारशे किलो लटकवायचे तर त्यासाठी वेगळा हिशोब करून खांब आणि तुळई उभी करावी लागते. लटकणाऱ्या लोखंडाखाली आपलंच माणूस कधी ना कधी जाणार, एवढं लक्षात घेतलं तरी पुरे.

नांगराची रात्र मात्र सांगायलाच हवी.

ही कोबा टाकण्याआधीची गोष्ट. पलटी नांगर आतल्या मातीवर त्याच्या स्टँडवर उभा होता. रात्री दोनच्या सुमारास शेडमधून असा आवाज आला की आम्ही सगळे उठून बसलो. बॅटरी घेऊन गेलो. पत्र्याच्या एका भोकातून पावसाचं पाणी नेमकं स्टँडच्या पायाशी टपकत होतं. माती लोण्यासारखी झाली होती. स्टँडचा तळहाताहून लहान पाय त्यात वीतभर रुतला होता आणि नांगर आडवा झाला होता. त्याचा फाळ एका पालथ्या बादलीच्या आरपार गेलेला. त्या बादलीवर बसून मी रोज संध्याकाळी ग्रीसिंग करत असे.

कोणी काही बोललं नाही. आबा बादलीकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिले. सकाळी त्यांनी फळी कापायला सांगितली, ३० बाय ३० सेंटिमीटर, दोन इंच जाड. स्टँडचा पाय साधारण ८ बाय ८ सेंटिमीटरचा. तेवढ्या जागेवर पडणारा भार फळीमुळे चौदा पट जागेवर पसरतो. एका फळीच्या तुकड्याने होणारं काम होतं ते. आता कोब्यावरसुद्धा प्रत्येक स्टँडखाली फळी असते, आणि नांगराला तर दुसऱ्या बाजूनेही टेकू असतो. हायड्रोलिकवर उचललेलं अवजार तसंच अधांतरी ठेवून मी कधीही इंजिन बंद करत नाही. तेल हळूहळू गळतं, किंवा कुणा लहान मुलाचा हात लिव्हरला लागतो. खाली टेकवूनच सोडायचं.

गंजाबद्दल लोक खूप बोलतात, मी थोडंच बोलेन. माती हाच गंजाचा खरा सोबती आहे. ती ओल धरून ठेवते, म्हणून अवजार आत नेण्याआधी धुवायचं आणि वाळवायचं. नांगराच्या पंखाला मातीने घासून आलेली चकाकी ही त्याची कमाई असते. ती गंजली की पुढच्या वेळी माती घसरत नाही, चिकटून बसते आणि ट्रॅक्टर उगाच दमतो. म्हणून पंखाला ग्रीसचा हात. पेरणी यंत्राच्या पेटीत खताचा एक दाणा राहू द्यायचा नाही, खत हवेतलं पाणी ओढून घेतं आणि पत्रा आतून खातं. जिथे हायड्रोलिक सिलिंडर आहे तिथे त्याचा चकचकीत दांडा आत घेऊन ठेवायचा. पीटीओ शाफ्ट, म्हणजे ट्रॅक्टरची ताकद अवजाराला पोचवणारा फिरता दांडा, जमिनीवर टाकायचा नाही, आणि एका टोकाने उभा टांगायचा तर मुळीच नाही, त्याचे दोन भाग एकमेकांतून निसटून पायावर येतात. भिंतीला दोन आकडे मारून आडवा ठेवायचा. शेतात मिनिटाला ५४० फेरे घेणारी वस्तू आहे ती, तिच्यावरचं प्लास्टिकचं कवच फुटलं तर तो पुढच्या माणसाच्या कपड्याचा, हाताचा प्रश्न होतो.

आणि छोट्या वस्तू. लिंच पिना, बुश, टॉप लिंकची पिन. खालच्या पिना बहुतेक दोन मापांत येतात, पहिल्या कॅटेगरीच्या २२ मिलिमीटरच्या आणि दुसऱ्या कॅटेगरीच्या २८ मिलिमीटरच्या. आमच्या ट्रॅक्टरच्या हातांची भोकं मोठी आणि कल्टिव्हेटरच्या पिना लहान, म्हणून मधे बुश घालावा लागतो. तो बुश म्हणजे अंगठ्याएवढी नळी. ती हरवली की सकाळ गेली. आता प्रत्येक अवजाराच्या चौकटीला कडीच्या झाकणाचा एक डबा वेल्ड केलेला आहे. त्या अवजाराच्या पिना आणि बुश त्यातच. सोडताना पिन खिशात घालायची सवय मोडायला मला दोन हंगाम लागले.

कोब्यावर मी ऑइल पेंटने रेघा मारल्या आहेत. गाडा कुठे उभा करायचा त्याच्या चार खुणा, आणि ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांसाठी दोन लांब रेघा. रिव्हर्स घेताना मान वळवून मी आता अवजाराकडे बघत नाही, रेघेकडे बघते. ट्रॅक्टर रेघेवर आला की न्यूट्रल, हँडब्रेक, इंजिन बंद, मग उतरायचं. ट्रॅक्टर मागे येत असताना त्याच्या आणि अवजाराच्या मधे कुणीही उभं राहायचं नाही, मदतीलासुद्धा नाही. पूर्वी आम्ही सगळेच राहायचो. एक जण मधे उभा राहून "ये, ये, अजून ये" म्हणायचा. आता आठवलं तरी अंगावर काटा येतो. उरलेलं बोटभर अंतर ट्रॅक्टरने भरून काढायचं नसतं, ते गाडा सरकवून भरायचं असतं. एका हाताने चौकट धरायची, जरा कमरेचा रेटा द्यायचा, आणि लोखंड येतं.

या हंगामाच्या सुरुवातीला रोटाव्हेटर काढायचा होता. आबा काठी टेकत शेडमध्ये आले आणि भिंतीशी उभे राहिले. मी रेघेवर ट्रॅक्टर आणला, उतरले, पाचरी काढल्या, ब्रेक सोडला. डावी पिन गेली. मग गाडा उजवीकडे किंचित फिरवला, ट्रॅक्टरच्या हाताचा स्क्रू दोन फेरे खाली घेतला, आणि उजवी पिन भोकात शिरताना तो ओळखीचा, भरीव "टक्" असा आवाज आला. दोन्ही लिंच पिना लावल्या. आबांनी दाराशी टेकवलेल्या पहारेकडे एकदा पाहिलं.

टॉप लिंक कमरेच्या उंचीला येते, तिच्यासाठी वाकावं लागत नाही. काठी भिंतीला लावून ते पुढे आले. टॉप लिंक त्यांनी मला लावू दिली नाही.